एकोडीची दवा

अड्याळ,
१० नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

फोन केला की तुम्ही "कोन? काय? जोरानं बोल" एवढंच म्हणता आणि फोन कौशल्यामामीच्या हाती देऊन मोकळे होता. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, म्हणून पत्र लिहिते. चौतीस वर्षं सायकलवरून लोकांची टपालं वाटलीत, आता एखादं तुमच्याही नावाने येऊ द्या.

आधी आनंदाची बातमी. माझी गुंजन पळाली! शाळेत लंगडीच्या खेळात शेवटपर्यंत टिकली आणि घरी येऊन मलाच दम लागेपर्यंत सांगत बसली. मागच्या वर्षी याच दिवसांत ही पोर भिंतीला टेकून बसायची, खांदे वरखाली व्हायचे आणि मी नुसती पाठ चोळत राहायची. कोजागिरीला तुमच्या अंगणात पळसाच्या द्रोणातून खिरीतली दवा घेतली, त्याला आज पंचवीस दिवस झाले. रोज सकाळी कोमट दुधातून एक पुडी देते. छातीतली शिट्टी थांबली आहे. भूक तर अशी लागते की माझी पोळी ताटात पडायच्या आत तिच्या पोटात गेलेली असते.

एकच विचारायचं होतं. इथे कापणी जोरात आहे. परतीच्या पावसाने धान आडवे पडले, त्यामुळे ज्याला त्याला हार्वेस्टर आजच हवा. तुमच्या-आमच्या लहानपणी उभ्या धानात लाखोरीचं बी टाकत, कापणी झाली की शेताच्या बांध्या हिरव्यागार. पेटवणार काय? आता यंत्राच्या चाकाखाली लाखोरी चिरडते म्हणून कोणी टाकतच नाही. धानाची तणस चिखलात पडते, ती खायला गोठ्यात गुरं नाहीत. लोक काडी लावून घरी जातात. संध्याकाळी अंगणात उभं राहिलं की डोळे चुरचुरतात.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप कपाटात पडून आहे. धुराच्या दिवसांपुरता द्यावा का? तुमचं पथ्य मोडायचं नाही म्हणून विचारते. दवेच्या वेलीचं नाव विचारत नाही, नाव सांगितलं की गुण जातो हे मला ठाऊक आहे.

तुमची
रेणू

—

एकोडी,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रेणूबाई,

मामाने भाचीच्या पाया पडायचं ही आपल्याकडची रीत, तेव्हा आधी पाया पडतो, मग लिहितो. सदुसष्ट वर्षांचा झालो म्हणून मला त्यात सूट नाही.

गुंजन पळाली हे वाचून तुझ्या मामीने देवापुढे साखर ठेवली. आपल्या दवेने दोन पिढ्यांचे श्वास मोकळे केले आहेत बाई. माझ्या बापाने कोणाकडून दमडी घेतली नाही, मीही घेत नाही. यंदा अंगणात माणूस मावत नव्हता. रजिस्टरात गुंजनचं नाव दोनशे अठ्ठावन्नावं.

पंपाचं विचारलंस. देऊ नकोस. दवा चालू असताना दुसरं काही चालत नाही. तुझ्या आईचं काय झालं ते विसरलीस का? येत्या जानेवारीत कुंताला जाऊन तीन वर्षं होतील. माझी एकुलती बहीण, पण तिने माझंच पथ्य मोडलं. चोरून पंप घेत होती. तिच्या उशीखालून तो निघाला तेव्हा तूच माझ्या हातात आणून दिला होतास. दोन औषधं छातीत भांडली आणि कुंता गेली. घरात पंप असला की हात जातोच. तो काढून टाक.

वेल यंदा मस्त आली आहे. तलावाच्या पाळीवर, ऐनाच्या झाडांच्या सावलीत, अशी पसरली आहे की पाय कुठे ठेवावा कळत नाही. मौन धरून तोडली, सावलीत वाळवली, मामीने पाट्यावर वाटली. सोबत आणखी चाळीस पुड्या पाठवतो.

आणि मनात शंका ठेवू नकोस. चौतीस वर्षांत मी एक पत्र इकडचं तिकडे केलं नाही. ज्याच्या नावाचं पत्र तो माणूस मेलेला असला तर कार्डावर 'मयत' असा शेरा मारायचा आणि ते पाठवणाऱ्याच्या हाती परत द्यायचं. फेकलं एकही नाही. तो माणूस भाचीच्या लेकीला भलतं काही देईल का?

पाया पडतो.
जागेश्वर मामा

—

अड्याळ,
२२ डिसेंबर २०२४

ती. मामा,

पुड्या मिळाल्या. पंप कचऱ्याच्या गाडीत टाकला. आमच्या ह्यांची, वीरेंद्रची, कुरकुर झाली, पण आईचं आठवलं आणि मी मागे वळून पाहिलं नाही. तीन वर्षं झाली तरी आईवरचा राग जात नाही. इतकं सांगून तिने का ऐकलं नाही?

गुंजनचं वजन वाढलं आहे. चेहरा गोल झाला, गाल असे आले की शाळेत पोरी तिला 'लाडू' म्हणतात. वीरेंद्र दुकानात येईल त्याला सांगतात, "मामाची दवा लागली पोरीले." मधेच चिडचिड करते, तेवढं सोडलं तर बरी आहे.

परवा सानगडीला लग्न होतं. परतताना वाट वाकडी करून एकोडीवरून आलो. तुम्ही साकोलीला गेला होता, मामींनी चहा पाजला. तलावाकडे पाहिलं आणि ओळखूच आला नाही. खोलीकरणात पाळ खरवडून काढली वाटतं? एक ऐन उभा नाही. नुसती बेशरमीची झुडपं माजली आहेत. मग वेल तुम्ही कुठून आणता? मला आपलं वाटलं, तुम्हाला आता लांब जंगलात जावं लागत असेल, या वयात. स्वतःला जपा.

पुड्या चार जानेवारीला संपतील. पुढच्या वेळेवर पाठवाल ना?

रेणू

—

एकोडी,
४ जानेवारी २०२५

चि. रेणूबाई,

घाईत लिहितो. पाळीचं तू म्हणतेस ते खरं, पण वेल आता जंगलाच्या अंगाला सरकली आहे. ते तू माझ्यावर सोड.

पुड्या अजून आल्या नाहीत. आल्या की लगेच पाठवतो. तोवर तुळस-आलं दे. गोल चेहरा ही तब्येत सुधारल्याची खूण आहे, काळजी करू नकोस.

पाया पडतो.
मामा

—

अड्याळ,
९ फेब्रुवारी २०२५

मामा,

'पुड्या अजून आल्या नाहीत' असं तुम्ही लिहिलंत. पाळीवर तोडलेली, मामींनी वाटलेली दवा येते कुठून? ते वाक्य मी तेव्हा वाचलं आणि पुढे गेले. दवाखान्यात रात्रंदिवस बसून होते तेव्हा ते आठवलं.

अठ्ठावीस जानेवारीला आमच्या घरामागच्या बांधीत कोणीतरी उन्हाळी धानासाठी तणस पेटवली. दुपारी चार वाजता गुंजन शाळेतून त्या धुरातून चालत आली. दारात आली आणि तिला बोलता येईना. ओठ निळे पडले. मी कपाट उघडलं. जिथे पंप असायचा त्या जागेकडे मी किती वेळ पाहत होते कोणास ठाऊक. वीरेंद्रनी शेजारच्यांची गाडी आणली. अड्याळ ते भंडारा, मांडीवर पोर, आणि तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या बरगड्यांमध्ये खड्डा पडत होता. पुढचा श्वास येतो की नाही एवढंच मी बघत होते.

अकरा दिवस ठेवलं. पहिले तीन दिवस डॉक्टर आमच्याशी नीट बोललेही नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी गुंजनचा चेहरा हातात धरला आणि विचारलं, "हिला काय देत होता?" घरात डब्याच्या तळाशी एक पुडी राहून गेली होती. त्यांनी ती तपासायला पाठवली. मामा, तीत स्टेरॉइडच्या गोळ्यांची पूड आहे. डॉक्टरांनी समजावलं, की ते औषध वाईट नाही, पण ते मापून आणि जपून द्यायचं असतं. महिनोन् महिने दिलं की शरीर स्वतःचं बळ तयार करणं सोडून देतं, आणि मग एकदम थांबवलं की पोर उघडी पडते. तिचा गोल चेहरा त्याचाच. मी त्या चेहऱ्याची दृष्ट काढत होते.

तरीही मी म्हटलं, मामांना कोणीतरी फसवलं असेल. खरंच म्हटलं. वीरेंद्रशी त्यावरून भांडले.

मग मंगळवारी दवाखान्याबाहेरच्या बाकावर तुमचा कैलाशदादा दिसला. शेजारी त्याची रुपा. तुमची नात, गुंजनपेक्षा एका वर्षाने मोठी. तिच्या हातात निळा पंप होता आणि ती तो शहाण्यासारखा हलवून ओढत होती. मी विचारलं, रुपालाही दमा आहे? मला कोणी बोललं नाही! दादा म्हणाला, "तीन साल झाले. बाबानंच सांगतलं, रुपीले आपली दवा देजो नोको, डाक्टरकडेच ने. दर महिन्याले येतो आमी." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने मान खाली घातली. "मले वाटलं, तुले मालूम असंन."

मला नव्हतं मालूम. तुमच्या नातीला पंप आणि माझ्या लेकीला पुडी. काहून, मामा? एवढंच सांगा.

रेणू

—

एकोडी,
२ मार्च २०२५

चि. रेणूबाई,

पाया पडतो. तू पाय मागे घेतलेस तरी पडतो.

तीन कागद फाडले. आता लिहितो ते खरं.

वेल मेली. एका वर्षात नाही, हळूहळू. आधी उन्हाळे असे पेटायला लागले की पाळीवरची ओल चैत्रातच जायची. मग श्रावणात महिना महिना पाऊस यायचा नाही. मोहफुलं वेचायला सोपी जावी म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, ती आग आता विझत नाही, पार पाळीपर्यंत येते. तरी दोन-चार जाळ्या तग धरून होत्या. मग खोलीकरणाचं यंत्र आलं, एका दिवसात ऐन गेले, आणि सावली गेली की वेलही गेली. मी आठ दिवस जंगल पालथं घातलं. वेलीवर बसायची ती चट्ट्यापट्ट्यांची फुलपाखरंसुद्धा दिसली नाहीत.

कोजागिरीला लोक आले. म्हातारी माणसं पोरांच्या खांद्यावर हात टाकून आली. मी अंगणात उभा होतो आणि माझ्याकडे काही नव्हतं. त्यांना काय सांगायचं होतं? माझ्या बापाचं नाव घेऊन आलेली माणसं ती. तेव्हा एक फिरता माणूस भेटला होता, म्हणाला हीच वेल छत्तीसगडच्या जंगलातली, वाटून आणली आहे. मी घेतली.

आपल्या वेलीने माणूस महिन्याने हलका व्हायचा. त्याची पावडर तिसऱ्या दिवशी छाती मोकळी करायची. मला त्याच वेळी कळायला हवं होतं. कळलंही होतं, बाई. पण लोक हात जोडून म्हणायचे, "महाराज, औंदा तं कमालच केली दवेनं." पोस्टात मला कोणी महाराज म्हटलं नव्हतं.

रुपाचं विचारलंस. तिला द्यायला हात धजला नाही.

पण हे दोन वर्षांचंच आहे. त्याआधी सगळी खरी वेल होती. तुझ्या आईला दिली ती तर नक्कीच खरी होती, याची शपथ घेतो. मला माफ कर.

जागेश्वर मामा

—

अड्याळ,
१४ सप्टेंबर २०२५

मामा,

सहा महिने लिहिलं नाही. 'रुपाला द्यायला हात धजला नाही' हे वाक्य घरात कुठेही गेले तरी माझ्या मागे येत होतं. माझ्या लेकीला द्यायला तो बरोबर धजला. भाचीच्या पाया पडायचं आणि तिच्या पोरीवर प्रयोग करायचा. राग शब्दांत मावत नाही, म्हणून कामाचं तेवढं लिहिते.

गुंजन आता रोज दोन वेळा पंप घेते. डॉक्टरांनी पुडीतलं ते औषध मापून देत थेंबाथेंबाने कमी करत आणलं. पळायला अजून भिते. धूर दिसला की खिडक्या लावत सुटते, नऊ वर्षांची पोर. डॉक्टर म्हणाले, अशी मुलं दरवर्षी वाढत आहेत. उन्हाळा लांबतो, धूळ बसत नाही, मग धूर, मग धुकं. यातलं तुमच्या हातात काही नव्हतं, हे मलाही कळतं. वेल गेली यात तुमचा दोष नाही.

पण तुमच्या रजिस्टरात दोनशेच्या वर नावं आहेत. त्यांतल्या किती जणांनी तुमच्या सांगण्यावरून पंप फेकला असेल? सहा ऑक्टोबरला कोजागिरी आहे. त्याआधी प्रत्येकाला कळवा, की पुडीत काय होतं, ती अचानक थांबवू नका, डॉक्टरला दाखवा, पंप बंद करू नका. एवढ्या चार ओळी. पत्ते तुमच्याजवळ आहेत, टपालाचं काम तुम्हाला शिकवायला नको.

नाहीतर रजिस्टर मला द्या, मी कळवते.

रेणू

—

(पोस्टकार्ड)

एकोडी,
२७ सप्टेंबर २०२५

सप्रेम नमस्कार,
कळविण्यास अत्यंत वाईट वाटते की हवामान बदलल्यामुळे व जंगल कमी झाल्यामुळे दम्याच्या दवेची वनस्पती आता मिळत नाही. तरी यंदापासून कोजागिरीची दवा बंद करण्यात येत आहे. कृपया कोणी येण्याची तसदी घेऊ नये. आजवरच्या विश्वासाबद्दल ऋणी आहे.
आपला,
जागेश्वर, निवृत्त पोस्टमन

—

अड्याळ,
१० ऑक्टोबर २०२५

मामा,

कार्ड मिळालं. सगळ्यांना गेलं तेच मलाही आलं. अक्षर सुंदर आहे, एकही खाडाखोड नाही. त्यात हवामान आहे, जंगल आहे, लोकांचा विश्वास आहे. पुडी नाही, पंप नाही. मेलेल्या वेलीच्या आड तुम्ही छान लपून बसलात. मी मागितलेल्या चार ओळींपैकी एकही लिहिली नाहीत, आणि लोक आता घरोघरी उरलेल्या पुड्या पुरवून पुरवून घेत असतील, तुमच्या नावाने हळहळत.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी कैलाशदादा येऊन रजिस्टर देऊन गेला. म्हणाला, "बाबा देतो मनत होते, पन आंदी एक पान फाडून राह्यले होते. मी हात धरला." पान अर्धं फाटलेलं आहे. तेच मी आधी उघडलं.

सन २०२१, कोजागिरी. वर तुमच्याच अक्षरात 'नवी पावडर' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. म्हणजे 'दोन वर्षांचंच' हेही खोटं, शपथही खोटी. त्या रेघांखाली पहिलं नाव: 'कुंताबाई, सानगडी. घरची, म्हणून आधी तिला. गुण तिसऱ्या दिवशी.' त्याखाली डिसेंबरची नोंद: 'पुड्या आल्या नाहीत.' आणि त्याखाली वेगळ्या शाईने: 'जाने. २२, मयत.'

आईचा श्वास पुडीने गेला की वयाने, ते आता कोणी तपासू शकणार नाही आणि मी तसं म्हणणारही नाही. पण ती पथ्य मोडून गेली, हे तुम्ही मला तिच्या चितेजवळ सांगितलंत. मी ते खरं मानलं. तीन वर्षं मी मेलेल्या आईवर रागावले. तिच्या वर्षश्राद्धालाही माझ्या मनात तेच होतं. पुड्या संपल्या होत्या, भाऊ पाठवत नव्हता, छाती भरून आली होती, आणि आई जगायला धडपडत होती. पंप तिने उशीखाली लपवला, कारण तुम्हाला कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. तुमचं मन राखत गेली ती. आणि त्याच पंपाची भीती घालून तुम्ही माझ्या पोरीचा पंप फेकायला लावलात.

भंडाऱ्याहून कार्डं मागवली. मी मजकूर लिहिते, वीरेंद्र दुकान बंद झाल्यावर पत्ते घालतात, गुंजन तिकडे ओळीने नावं वाचून दाखवते. पुडीत काय होतं ते लिहिलं आहे, पंपाचंही लिहिलं आहे. प्रत्येक कार्डावर पाठवणार म्हणून तुमचं नाव आणि एकोडीचा पत्ता आहे. चूक तुमची आहे, कार्डही तुमच्याच नावाने जायला हवं.

गुंजनने २०२१ च्या पानापासून सुरुवात केली. पहिलं नाव वाचलं आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. "आई, ही तं आजी आहे. लिहायचं?" मी हो म्हटलं. ते कार्ड तिने स्वतः लिहिलं आणि काल सकाळी पेटीत टाकलं. कुंताबाई, मुक्काम पोस्ट सानगडी.

तिथला पोस्टमन प्रामाणिक असेल तर त्यावर शेरा मारेल आणि ते फेकणार नाही. चार-आठ दिवसांत तुमच्या दारात येईल. घरी राहा.

रेणू